टिलरची रिंग बदलण्याआधी

 

आज इंजिनाबद्दल बोलायचं आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. आधी एक सांगा, कुकरची शिट्टी होत नसेल तर तुम्ही काय करता? झाकण काढून रिंग बघता. रिंग सैल झाली असेल, चिरली असेल, तर वाफ कडेने निघून जाते आणि डाळ शिजत नाही. मग बाजारातून नवी रिंग आणता आणि स्वतःच्या हाताने बसवता. त्यासाठी कोणी मिस्त्री बोलावत नाही. आज सांगणार आहे ती गोष्ट एवढीच आहे, फक्त कुकरच्या जागी गटाचा पॉवर टिलर आहे.

आमच्या गटाने बचत आणि अनुदान मिळून पॉवर टिलर घेतला. मे महिन्यात कोरडी नांगरट, मग पावसाळ्यात खाचरात चिखलणी, आणि मधल्या दिवसांत मागे ट्रॉली जोडून माती, शेणखत, विटा वाहायच्या. तासावर भाडं घ्यायचं. कामाची वही माझ्याकडे होती. तिसऱ्या वर्षी टिलर सकाळी लवकर चालू होईना. सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. ऑइल कमी व्हायचं, पण खाली कुठे सांडलेलं दिसायचं नाही. मेकॅनिकने इंजिन खोललं आणि सांगितलं, "ताई, रिंग गेली." त्याने रिंग बदलली, टिलर चालू झाला, आम्ही पैसे दिले.

पुढच्याच वर्षी ऐन आवणीत पुन्हा तोच निळा धूर. चिखलात टिलर अर्ध्यात बंद पडायला लागला. तेव्हा एक जण म्हणाला, आता इंजिनच बदला. त्याने सांगितलेला आकडा म्हणजे गटाची दोन वर्षांची बचत होती. इकडे खाचरं पाण्याने भरलेली, तिकडे रोप वाढत चाललेलं. आमच्यातल्या एका मावशींची आवणी त्या वर्षी सगळ्यात शेवटी झाली. रोप जून झालं होतं, फुटवा कमी आला आणि भात कमी झालं. मावशी कधी काही बोलल्या नाहीत. पण वही माझ्याकडे होती, म्हणून ते मला अजून बोचतं. का बोचतं, ते पुढे सांगते.

आधी रिंग म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनात एक गोल नळी असते, तिला लायनर म्हणतात. त्यात पिस्टन खाली-वर होतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर पिस्टन मिनिटाला दोन हजार वेळा वर जातो आणि तितक्याच वेळा खाली येतो. पिस्टन आणि लायनर यांच्यामध्ये थोडी जागा ठेवावीच लागते, नाहीतर गरम झाल्यावर पिस्टन अडकेल. ती जागा रिंग बंद करते. ही रिंग बिडाची असते, बांगडीसारखी, पण एका जागी कापलेली. त्यामुळे ती स्प्रिंगसारखी बाहेर ताणली जाते आणि लायनरला चिकटून राहते.

ही कापलेली रिंग १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने काढली. त्याच दशकात, १६ एप्रिल १८५३ रोजी, आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. म्हणजे पिस्टनची आणि ठाण्याची ओळख फार जुनी आहे.

रिंगची कामं तीन. एक, वरचा दाब खाली जाऊ न देणे. दोन, लायनरवरचं जास्तीचं ऑइल निपटून खाली ढकलणे. तीन, पिस्टनची उष्णता लायनरला देणे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पडलं की पेटतं. रिंग झिजली की दाब कमी होतो, हवा पुरती तापत नाही, म्हणून सकाळी गार इंजिन चालू होत नाही. ऑइल वर जाऊन जळतं, म्हणून निळा धूर येतो.

धुराचा रंग ओळखायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही: हवा कमी पडते, नोझल बिघडला आहे किंवा लोड जास्त आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय. पण नुसत्या धुरावरून इंजिन खोलायला देऊ नका. दाब कुठून निसटतो ते आधी कानाने ऐका.

आमच्या टिलरला हँडल मारून चालू करावं लागतं. तुमचाही तसाच असेल तर ही परीक्षा घरी होते. डिझेलचा कॉक बंद करा आणि डिझेलचा खटका बंदवर ठेवा, म्हणजे इंजिन चुकूनही चालू होणार नाही. टिलर न्यूट्रलमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. पदर खोचा, केस बांधा, मंगळसूत्र आत घाला. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. अंगठा उलटा घालून मूठ आवळली आणि हँडलने झटका दिला, तर मनगट मोडतं.

हँडल मारताना दाब सोडण्यासाठी जो छोटा खटका ओढतो, तो आता ओढायचा नाही. हँडल हळूहळू फिरवा. एका जागी ते जड होतं. जातं ओढणाऱ्या हाताला हे लगेच कळतं. चांगल्या इंजिनात त्या जागी हँडल स्प्रिंगसारखं मागे रेटतं आणि जोर लावून धरलं तरी लवकर पुढे जात नाही. झिजलेल्या इंजिनात ते लोण्यात सुरी जावी तसं सरकतं.

एकीने त्या जड जागेवर जोर धरून ठेवायचा आणि बाकीच्यांनी कान द्यायचे. सायलेन्सरच्या तोंडाशी सूं असा आवाज आला तर धूर बाहेर सोडणारा वॉल्व्ह गळतोय. एअर क्लीनरकडे आला तर हवा आत घेणारा वॉल्व्ह. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार असतानाच उघडा. आणि ऑइल भरायच्या भोकातून आवाज आला तर रिंग किंवा लायनर. आम्ही चौघी चार जागी बसलो होतो. शेजारचे भाऊ हसत होते. आवाज ऑइलच्या भोकातून आला, आणि तो चौघींनीही ऐकला.

घोडबंदर रोडवर रात्री जमिनीला टेकल्यासारखी, गर्जत जाणारी स्पोर्ट्स कार तुम्ही पाहिली असेल. तिची ताकद उतरली तर मोठ्या गॅरेजमध्येही हेच करतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरतात, किती गळते ते घड्याळासारख्या मीटरवर बघतात, आणि कुठून गळते ते याच जागांवर कान लावून ऐकतात. गाडी कितीही महाग असली तरी तिच्या पिस्टनवर अशाच रिंगा असतात.

आवाज वॉल्व्हकडून आला तर मेकॅनिकला आधी टॅपेट तपासायला सांगा. टॅपेट फार घट्ट असला तर वॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब निसटतो. ते काम इंजिन न उतरवता होतं आणि खर्चही थोडा येतो.

आमची रिंग गेली होती हे नक्की झालं. पण एका वर्षात दोनदा कशी गेली? कल्याणला पार्ट आणायला गेलो तेव्हा तिथल्या एका जुन्या मिस्त्रींना हेच विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "ताई, एअर क्लीनर शेवटचा कधी उघडला?" मी वही उघडली. वहीत डिझेल होतं, तास होते, भाडं होतं, ऑइल बदलल्याची तारीख होती. एअर क्लीनरची ओळच नव्हती.

घरी येऊन उघडला. आमचा एअर क्लीनर तेलाचा आहे. खालच्या वाटीत ऑइल असतं, हवा त्यावरून वळते आणि धूळ ऑइलात पडते. आमच्या वाटीत ऑइल नव्हतं, वाळलेला गाळ होता. मग एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढला. वरून चांगला दिसत होता, पण खालच्या बाजूने बोटभर चिरलेला. आत बोट फिरवलं तर बोटाला लाल माती लागली. मे महिन्याची नांगरट, विटांच्या फेऱ्या, रस्त्याची धूळ, सगळं त्या चिरेतून थेट इंजिनात जात होतं. आपण भांडी घासायला राख-माती घेतो ती का? ती घासते म्हणून. तीच माती दोन वर्षं रिंग आणि लायनर घासत होती. पहिल्या मेकॅनिकने गेलेली रिंग बदलली, त्यात खोट काही नव्हती. ती का गेली, हे आम्ही कोणीच विचारलं नाही. नव्या रिंगलाही आम्ही तीच माती खाऊ घातली. मावशींच्या भाताचं मला बोचतं ते यासाठी.

इंजिन खोललं तेव्हा मी शेजारी बसून होते. तुम्हीही बसा. लायनरच्या वरच्या टोकाला आतून नख फिरवा. नख कडेला अडकलं तर तिथे पायरी पडली आहे, म्हणजे लायनर झिजला आहे. नंतर मिस्त्री एक रिंग एकटीच लायनरमध्ये घालतात, पिस्टनने ढकलून सरळ करतात आणि तिच्या दोन टोकांमधली फट पातळ पात्यांच्या गेजने मोजतात. एवढ्या इंजिनात नव्या रिंगची फट मिलिमीटरच्या तीन-चार दशांशाएवढी असते. झिजलेल्या रिंगची ती कितीतरी वाढलेली दिसते. कमाल फट किती चालते तो आकडा टिलरच्या पुस्तिकेत असतो. तो आकडा मिस्त्रींना दाखवा आणि आपल्या रिंगची फट वहीत लिहून घ्या.

आमच्या लायनरला पायरी पडली होती, म्हणून नुसती रिंग घालून चाललं नसतं. लायनर, पिस्टन आणि रिंग असा संच घातला. इंजिन बदलायची गरज पडली नाही. नवी रिंग बसवताना तिच्यावरची खूण वर ठेवतात आणि सगळ्या रिंगांची कापलेली टोकं एका रेषेत येऊ देत नाहीत, नाहीतर दाबाला सरळ वाट मिळते. काढलेल्या जुन्या रिंगा मागून घ्या. त्या आपल्या आहेत. आम्ही आमच्या एका खिळ्याला टांगून ठेवल्यात, गटाच्या बैठकीत समोर दिसतात.

रबरी पाइप नवा घातला. सगळ्या खर्चात तोच सगळ्यात स्वस्त होता.

आता आमच्या वहीत तीन ओळी वाढल्या आहेत. पहिली: धुळीच्या कामात रोज एअर क्लीनरची वाटी बघायची. ऑइल घट्ट किंवा गढूळ झालं की वाटी आणि जाळी डिझेलने धुवायची आणि नवं ऑइल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. दुसरी: महिन्यातून एकदा, इंजिन बंद असताना, एअर क्लीनरच्या पुढच्या पाइपात आतून बोट फिरवायचं. बोट स्वच्छ निघालं पाहिजे. तिसरी: ऑइल किती घातलं ते प्रत्येक वेळी लिहायचं. निळा धूर दिसायच्या आधी ही ओळ सांगते.

हे काम एकीवर टाकू नका, पाळी लावा. गटातल्या दहावी झालेल्या मुलींनाही बोलवा. सरकारी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स असतो. आपल्या तालुक्यात टिलर आहेत, पंप आहेत, टेम्पो आहेत. ते दुरुस्त करणाऱ्या हातांत आपल्या मुलींचे हात का नसावेत?

आणि मैत्रिणींनो, मेकॅनिकसमोर उभ्या राहिलात की "किती पैसे?" हे दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा विचारा, "हे झिजलं कशामुळे?" उत्तर मिळाल्याशिवाय नवा पार्ट बसवू देऊ नका. या मे महिन्यात, नांगरट सुरू होण्याआधी, पाइपात बोट घालून बघा, आणि काय लागलं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.