लोहचुंबकानं सांधलेलं आतडं

कान्हूराज पाठक महाराजांच्या केंदूरमधून आम्ही बचत गटातल्या बायका तुमच्याशी बोलतोय.

आधी आमचीच एक चूक सांगतो. गटातल्या एकीच्या सासूबाईंचं आतड्याचं ऑपरेशन झालं. आतड्याचा खराब तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली होती. चौथ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. आजी म्हणाल्या, "पोरींनो, बाकी काही नको, चिमूटभर मिश्री द्या गं." आम्हाला दया आली आणि पिशवीतली डबी आम्हीच काढून दिली. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी डबी काढून घेतली. म्हणाल्या, "वरचे टाके तुम्हाला दिसतात. आतला सांधा अजून कच्चा आहे."

आजी सुखरूप घरी आल्या. पण आतला सांधा भरतो कसा, हा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. आम्ही डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. त्यात लोहचुंबकाची गोष्ट कळली, आणि तिच्यामुळे सगळंच नीट समजलं.

आतडी जोडायची धडपड फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे चावायला लावायचे, असं सांगितलं आहे. मुंगळ्याचं डोकं तिथंच ठेवायचं, तोच टाका. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या मर्फी नावाच्या डॉक्टरांनी धातूचं बटण काढलं. त्याचा एक भाग आतड्याच्या एका टोकात, दुसरा दुसऱ्या टोकात बसवून दोन्ही एकमेकांत दाबायचे. आता बहुतेक ठिकाणी दोऱ्याचे टाके किंवा पिना वापरतात. लोहचुंबकाची कडी ही त्या बटणाचीच पुढची पायरी.

दोन चुंबक घेतात. एक आतड्याच्या एका भागात, दुसरा शेजारच्या भागात. दोघं एकमेकांना ओढतात आणि मधे दोन्ही आतड्यांच्या भिंती दाबल्या जातात. पुढं काय होतं? बाळाची नाळ आठवा. नाळेला चिमटा लावला की रक्त बंद होतं, तुकडा वाळतो, आठ-दहा दिवसांत गळतो आणि खाली बेंबी भरून आलेली असते. इथंही तसंच. चुंबकांच्या मधोमध सापडलेल्या भागाला रक्त मिळत नाही, तो हळूहळू मरतो. पण त्याच्या भोवतीच्या कडेला रक्त चालू असतं. तिथं दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात, नवे धागे तयार होतात, सांधा पक्का होतो. मग मधला मेलेला भाग सुटतो, चुंबक मोकळे होऊन शौचावाटे बाहेर पडतात आणि दोन आतड्यांमध्ये वाट तयार राहते. याला साधारण एक-दोन आठवडे लागतात. सांध्यात दोरा नाही, पीन नाही.

इथं वेळेचं गणित महत्त्वाचं. मधला भाग सुटायच्या आधी कडा जुळलेली हवी. म्हणून दाब मधे जास्त आणि कडेला कमी राहील अशा कड्या बनवल्या आहेत. काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मधे तुटलेली असते. अशा बाळांसाठी एक चुंबक तोंडातून आणि दुसरा पोटाकडून नेऊन दोन्ही टोकं जवळ आणायचं साधन निघालं. या साधनाला अमेरिकेच्या सरकारी औषध संस्थेनं २०१७ मध्ये परवानगी दिली होती. पण जोडलेली जागा पुढे आवळते, मग ती पुन्हा रुंद करावी लागते, हा त्रासही दिसला. शिवाय पोटात चुंबक असेपर्यंत एमआरआय करता येत नाही. हे उपचार अजून मोजक्या ठिकाणीच होतात.

एक लक्षात ठेवा. चुंबकात औषध नाही. तो फक्त दाबून धरतो. भरून काढतं ते आपलं रक्त. त्यामुळे चुंबकाचे पट्टे आणि गाद्या विकायला कोणी दारात आलं, तर या गोष्टीला भुलू नका.

सांधा टाक्यांचा असो की चुंबकाचा, रक्त पोचलं तरच भरतो. टाक्यांचा सांधा पहिले चार-पाच दिवस सगळ्यात नाजूक असतो. आजींनी मिश्री मागितली ती नेमकी तेव्हा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटीननं रक्तवाहिन्या आखडतात. ऑपरेशनआधी सुमारे चार आठवडे धूम्रपान सोडलं तर धोका कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं. आपण बिडी ओढत नाही म्हणून सुटलो, असं समजू नका. ऑपरेशन ठरलं की मिश्री लावतो हे डॉक्टरांना लाजू नका, सांगा.

दुसरं रक्ताचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन तपासा, साखर तपासा. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून डाळ, अंडी, दूध पोटात जाऊ द्या. घरी आल्यावर ताप, पोट फुगणं, वाढती कळ, नाडी जोरात, यातलं काही दिसलं तर सांधा गळत असू शकतो. सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आणि शेवटचं लेकरांचं. जत्रेतल्या खेळण्यांमध्ये छोटे, चमकदार, जोरदार चुंबक असतात. मुलानं दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा गिळला, तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात. डॉक्टर जे मोजूनमापून करतात, तेच इथं बिनहिशोबी होतं आणि आतड्याला भोक पडतं. सुरुवातीला मूल खेळतंही. शौचातून पडेल म्हणून थांबू नका, केळी चारू नका, उलटी काढू नका. लगेच दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढा आणि चुंबक गिळलाय हे स्पष्ट सांगा, कारण चिकटलेले दोन चुंबक फोटोत एकच वाटू शकतात. खेळणं घेताना आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

आजींनी त्यानंतर मिश्री सोडली. आमच्यातल्या दोघींनीही सोडली, तिसरीचं चालू आहे. पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हा विषय काढा.