दोन बोटं कापड

मी सैन्यावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. आज मला एका शिंप्याबद्दल बोलायचं आहे. माझे वडील, आमचे दादा.

बेळगावात कॅम्पात त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर जवळच, त्यामुळे जवानांचं काम बारमाही. गावाकडून आलेला रिक्रूट हाडकुळा असायचा. कवायतीनं आणि लंगरच्या जेवणानं त्याची छाती भरणार, हे धरून दादा शिलाईत आत दोन बोटं कापड जास्त सोडत. पुढं तो शर्ट घट्ट झाला की उसवून मोठा करून देत, फुकट. आई यावर चिडायची, आणि तिचंही बरोबरच होतं. आमचे शाळेचे कपडे असेच वाढत गेले.

डेहराडूनला इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमीत मी सांगायचो, वडिलांचा कापडाचा व्यवसाय आहे. सुट्टीत एक मित्र घरी आला, तर त्याला दुकान टाळून लांबच्या रस्त्यानं नेलं.

पासिंग आउट परेडनंतर आईवडील मुलाच्या खांद्यावरचे तारे उघडतात. आमच्याकडून कोणी आलं नाही. माझे तारे त्या मित्राच्या वडिलांनी उघडले. दादांना तो लांबचा रस्ता कळला असणार, असं मला वाटत राहिलं. विचारायचं धाडस झालं नाही.

दादा गेल्यावर धाकट्या बहिणीनं सांगितलं. रेल्वेच्या तिकिटांचे पैसे तिच्या कॉलेजच्या फीला गेले होते. आणि परेडच्या दिवशी दादांनी दुकान बंद ठेवून अख्ख्या गल्लीत कुंदा वाटला होता.