कचरा गेला, पण कुठे गेला?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार, विद्वान नाही. पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

आपल्या गोराईत खाडीकाठी 1972 पासून कचरा पडत होता. सुमारे वीस हेक्टर जागा. धूर, माश्या, खाडीत घाण पाणी. पावसाळ्यात खिडकी उघडायची सोय नव्हती. रहिवाशांनी आवाज उठवला, आणि 2007 साली तिथे कचरा टाकणे बंद झाले. ढिगावर मातीचे आच्छादन घालून आतला वायू नळांनी काढण्याची सोय झाली. हा लोकांचा विजय आहे.

पण कचरा संपला काय? नाही. तो गाडीत बसून दुसऱ्याच्या दारात गेला. देवनारला 1927 पासून कचरा पडतो. त्याच साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जानेवारी 2016 मध्ये देवनारचा ढीग पेटला. त्या धुरात गोवंडीची कष्टकरी माणसं होती. ती परकी आहेत काय? आपली दुर्गंधी त्यांना देऊन आपण जिंकलो, असं कसं म्हणायचं?

ओला-सुका कचरा घरीच वेगळा करावा, असा नियम 2016 पासून आहे. म्हणून माझी विनंती : येत्या पौर्णिमेपासून प्रत्येक घरात दोन डबे ठेवा. विहारातल्या भोजनदानाचा ओला कचरा इथेच खड्ड्यात कुजवून खत करू. सरकारकडे मागणी जरूर करू, पण आपला डबा आधी दाखवू.

जयभीम!