मासवडी आणि अंड्यावांचून पोळा
तुळशीची माळ गळ्यांत पडली कीं मांस सुटतें. जिभेची ओढ मात्र तितक्या लवकर सुटत नाहीं. जुन्नरकडील गृहिणीनें ही अडचण मासवडीनें केव्हांच सोडविली आहे. घट्ट शिजविलेलें बेसन ओल्या फडक्यावर थापावयाचें, तीळ, खोबरें व लसूण यांचें सारण भरून गुंडाळावयाचें आणि काप करून झणझणीत रश्श्याबरोबर वाढावयाचे. काप दिसतात थेट माशाच्या तुकड्यांसारखे!

सोयाबीनच्या वड्या त्यामानानें अलीकडच्या. तेल काढलेल्या पिठाच्या त्या होतात व त्यांत सुमारें निम्मा भाग प्रथिनांचा असतो. गरम पाण्यांत भिजवून घट्ट पिळल्या नाहींत, तर उग्र वास राहतो.

अंड्याची गोष्ट अवघड. बेसनाच्या पोळ्यावर उतरवितांना काळें मीठ भुरभुरविलें, तर त्यांतील गंधकामुळें वास अंड्याचाच येतो. पोळा फुगत मात्र नाहीं. आणि कोणी उकडलेल्याच अंड्याचा हट्ट धरला, तर गृहिणीनें खुशाल हात टेकावे.