विचारपूस

(पुण्यातल्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज ‘तरुण आणि इंटरनेट’ असा विषय दिला होता. आयोजकांना विचारून मी तो थोडा बदलला आहे. मी दोन माणसांबद्दल बोलणार आहे. त्या दोघांनाही मी कधी भेटलो नाही, आणि आता भेटणं शक्यही नाही.

पहिले आमचे गुरुजी. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शिक्षक होते. नाव सांगत नाही, कारण आपलं नाव पुढे आलेलं त्यांना आवडायचं नाही.

२०१४ मध्ये मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहायला लागलो. नवी नोकरी होती, संध्याकाळी रूमवर दुसरं काही काम नसायचं. श्रीगोंद्याचे शेख महंमद, मुसलमान घरात जन्मलेले आणि मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारे संत, यांच्याबद्दल लिहिताना मी ‘दर्गा’ असा शब्द वापरला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिथे ‘समाधी’. मी पुन्हा ‘दर्गा’ केलं. पुन्हा ‘समाधी’. मला वाटलं, झालं, आला कुणीतरी भांडायला. तेवढ्यात चर्चा पानावर संदेश आला: “आपण दोघं रोज एकच शब्द खोडत बसलो तर लेख कधी पुरा व्हायचा? तिथले लोक काय म्हणतात ते बघू या.” कुणी हे म्हणतं, कुणी ते. आम्ही दोन्ही शब्द ठेवले. आमची ओळख झाली ती अशी.

पुढची सात वर्षं आम्ही जवळजवळ रोज बोलायचो, म्हणजे लिहायचो. ते माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. त्यांच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या शेकडो पानांच्या टिपणं होती. ती युनिकोडमध्ये आणायला मी त्यांना एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. ईदचा पहिला संदेश त्यांचा असायचा, चंद्र दिसायच्या आधीच. आम्ही एकमेकांना कायम ‘तुम्ही’ म्हणत राहिलो. फोन नंबर दिला-घेतला होता, पण कधी लावला नाही.

शेख महंमदांच्या लेखाला फोटो नव्हता. मी नेटवरून एक उचलून चढवला, तो काढून टाकला गेला. मी चिडलो. गुरुजींनी शांतपणे समजावलं: तो फोटो दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आपण स्वतः काढायचा आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली द्यायचा. म्हणजे कुणीही वापरावा, फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं. मग म्हणाले, “तुम्ही पुण्यात. श्रीगोंदा तुम्हाला जवळ. मी यवतमाळहून कधी येऊ?” मी लिहिलं, येत्या रविवारी जातो.

ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचा एका ओळीचा संदेश आला: “आज कळलं, आपल्यातला एक गेला.” खाली बातमी होती, बासिल खर्तबीलची. मला हे नाव ठाऊक नव्हतं.

बासिल १९८१ मध्ये दमास्कसला जन्मला. पॅलेस्टिनी मुळाचा सिरियन, आपल्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. फायरफॉक्स, विकिपीडिया, ओपनक्लिपार्ट अशा सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या कामांत त्याने हात लावला. सिरियात क्रिएटिव्ह कॉमन्सचं काम तोच बघायचा. गुरुजी मला ज्या परवान्याबद्दल सांगत होते, त्याच परवान्याचं काम. दमास्कसमध्ये त्याने ‘आयकी लॅब’ नावाची जागा सुरू केली होती, पोरांनी यावं, शिकावं, करून बघावं म्हणून. आणि २००५ पासून तो पाल्मिराच्या प्राचीन अवशेषांचे त्रिमितीय नमुने संगणकावर तयार करत होता.

१५ मार्च २०१२ रोजी, सिरियातल्या उठावाला एक वर्ष झालं त्या दिवशी, त्याला दमास्कसमध्ये पकडलं. कित्येक महिने तो कुठे आहे हेसुद्धा घरच्यांना कळलं नाही. त्याची होणारी बायको नूरा गाझी मानवी हक्कांची वकील. त्यांचं लग्न तुरुंगात झालं.

आता त्याचे मित्र बघा. त्यातले कित्येक जण परदेशात होते आणि त्याला पडद्यावरूनच ओळखत होते. त्यांनी ‘फ्री बासिल’ मोहीम उभी केली. बासिल कुठे आहे, हा एकच प्रश्न ते वर्षानुवर्षं विचारत राहिले. एप्रिल २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ही कैद मनमानी असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्लामिक स्टेटने पाल्मिरातलं बेलचं मंदिर सुरुंग लावून पाडलं. ते आपल्या धर्माचं नाव घेऊन पाडलं, हे आपण या बैठकीत तरी विसरता कामा नये. ज्या मुलाने ते मंदिर वर्षानुवर्षं जिव्हाळ्याने संगणकावर उभं केलं होतं, तो तेव्हा सरकारच्या तुरुंगात होता. ३ ऑक्टोबरला त्याला तिथून अज्ञात ठिकाणी हलवलं. त्याच महिन्यात मित्रांनी ‘न्यू पाल्मिरा’ नावाने त्याचं काम जगासाठी खुलं केलं.

आणि त्याच महिन्यात त्याला मृत्युदंड दिला गेला होता. हे नूराला कळलं २०१७ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं ते मित्र या जगात नसलेल्या माणसाची सुटका मागत होते. मी तेव्हा गुरुजींना लिहिलं, सगळं वायाच गेलं म्हणायचं. त्यांचं उत्तर आलं: “वाया कसं? विचारणारं कुणी नसतं तर तो गेला हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं.”

हे वाक्य मी वाचलं, आवडलं म्हणून कळवलंही. आणि वेळ आली तेव्हा विसरलो.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. मी इथे ऑक्सिजनच्या याद्या तपासणाऱ्या एका गटात रात्र-रात्र बसायचो. गुरुजींच्या योगदानाच्या पानावर नवीन काही दिसेना. वाटलं, शिक्षकांना कोविडची ड्युटी असेल. मेमध्ये ईद आली. त्यांचा संदेश आला नाही. माझ्या पोटात गोळा आला, तरी मी फोन लावला नाही. मी काय कारण देत होतो सांगू? कधी बोललो नाही, एकदम कसं बोलायचं? घरात कुणी आजारी असलं तर? फोन उचलणाऱ्याला मी कोण म्हणून सांगू? खरं कारण एकच, मला उत्तराची भीती वाटत होती. अनोळखी लोकांसाठी मी रोज पन्नास फोन करत होतो, आणि आपल्या माणसासाठी एक करवला नाही.

सप्टेंबरमध्ये लावला. मुलीने उचलला. मी अडखळत विकिपीडिया असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, “पुण्याचे दादा का तुम्ही? बाबा एप्रिलमध्येच गेले. तुमचं नाव घ्यायचे नेहमी. पण तुम्हाला कळवायचं कसं, आम्हाला काही माहीत नव्हतं. त्यांच्या मोबाइलचं लॉक उघडलंच नाही.” थोडं थांबून तिने विचारलं, “तुम्ही बरे आहात ना, दादा?”

पाच महिन्यांत जे मी विचारलं नव्हतं, ते तिने मला विचारलं.

न भेटलेल्या माणसासाठी एवढं दुःख कशाला, असं मला घरीसुद्धा विचारलं गेलं. हबशाच्या नजाशी राजाची गोष्ट आपण सगळे जाणतो. मक्केत छळ झालेल्या मुसलमानांना त्याने आसरा दिला. पैगंबरांची आणि त्याची भेट कधीच झाली नाही. तरी तो वारला त्याच दिवशी पैगंबरांनी सोबत्यांना ती खबर दिली, सफा लावल्या आणि चार तकबीर म्हणून त्याची नमाज पढली. मी कोकणातला, शाफई. आमच्याकडे गायबाना नमाजला हाच आधार देतात. हनफी मंडळींचं मत वेगळं आहे, त्या वादात मी पडत नाही. मला त्यातून एवढंच कळतं की दूरच्या, न पाहिलेल्या माणसाचा आपल्यावर हक्क असतो.

गुरुजींसाठी मी काय करणार? त्यांच्या तेराव्याला मी नव्हतो. मग एका रविवारी गाडी काढली आणि श्रीगोंद्याला गेलो. अडीच तास लागले. चार वर्षं ज्याला सवड मिळाली नव्हती, त्याला अडीच तास. फोटो काढला आणि त्याच परवान्याखाली चढवला. वर्णनात लिहिलं, ‘गुरुजींच्या सांगण्यावरून’. ते बघायला ते नाहीत, हे मला माहीत आहे. बासिलच्या नावाने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मंडळींनी एक शिष्यवृत्ती सुरू केली. तिचा पहिला मानकरी पॅलेस्टाइनचे जुने नकाशे सगळ्यांसाठी खुले करणारा इंजिनिअर होता. गेलेल्याचं काम असं पुढे नेता येतं. पण ते नंतरचं झालं.

आधीचं काय, ते सांगून थांबतो. आज घरी गेल्यावर एका कागदावर तीन नावं आणि नंबर लिहा. मला काही झालं तर यांना कळवा, असं घरच्यांना सांगा. ज्यांना तुम्ही फक्त पडद्यावर ओळखता, अशी माणसं त्यात असू द्या. आणि रोज दिसणारं एखादं माणूस आठ दिवस दिसलं नाही, तर फोन करा. कोण बोलतंय असं विचारलं, तर सांगा, मी त्यांचा मित्र बोलतोय. मला हे म्हणायला पाच महिने लागले.