डोंगराच्या कलानं घर

लोणावळा, मुळशी, पानशेत, महाबळेश्वर या पट्ट्यात डोंगरउतारावर घर बांधू पाहणारे पुष्कळ आहेत, आणि घर निसर्गात मिसळून जावं ही त्यांची मनापासूनची इच्छा असते. त्यासाठी दर्शनी भिंतीला दगडी चिपा लावतात, मातकट रंग देतात, गच्चीवर हिरवळ लावतात. हे सगळं डोळ्यांच्या समाधानासाठी झालं. माझ्या मते घर डोंगरात मिसळलं की नाही हे पावसाळा ठरवतो. घर नव्हतं तेव्हा त्या जागेवरून पाणी जसं वाहायचं आणि जितकं मुरायचं, तसंच आणि तितकंच ते घर झाल्यावरही वाहत-मुरत असेल, तर ते घर डोंगराचं झालं. दगड, रंग, छपराचा आकार हे प्रश्न त्यानंतरचे. हे तपासून पाहायला मी तुम्हाला सह्याद्रीपासून लांब, दिल्लीला लागून असलेल्या फरीदाबादला नेणार आहे.

फरीदाबादच्या पश्चिमेला अरवलीच्या बुटक्या टेकड्या आहेत. महाबळेश्वरला पडतो त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा पाऊस तिथे पडतो, तोही बहुतेक दोन-अडीच महिन्यांत. खडक क्वार्टझाइटचा, अतिशय कठीण, पण तड्यांनी भरलेला. त्या तड्यांतून पाणी खाली झिरपतं आणि पायथ्याच्या शहरांच्या विहिरी-बोअरना आधार देतं. हे तिथल्या जुन्या गवंड्यांना नीट कळलेलं होतं. अनंगपूर गावाजवळ दोन टेकड्यांमधली घळ अडवणारा दगडी बांध आहे. तो तोमर राजांच्या काळातला, आठव्या शतकातला मानला जातो. जवळच सूरजकुंड आहे, दहाव्या शतकातलं. टेकडीवरून येणारं पाणी जिथे आपसूक गोळा होतं, नेमकी तीच जागा हेरून पायऱ्यांची अर्धवर्तुळाकार कमान बांधली आहे. दोन्ही बांधकामं माणसाची आहेत, दोन्ही मोठी आहेत, नजरेत भरणारी आहेत. सूरजकुंड तर लपण्याचा काहीच प्रयत्न करत नाही. तरीही ती त्या टेकडीची वाटतात, कारण जागेची निवड आणि आकार दोन्ही पाण्याच्या वाटेवरून ठरले आहेत.

विसाव्या शतकात याच टेकड्यांवर दगडाच्या खाणी निघाल्या, मग फार्महाऊस आणि वसाहती आल्या. खाणी भूजलापर्यंत खोल गेल्या, पाणलोटातले ओहोळ तुटले, आणि सहलींसाठी प्रसिद्ध असलेला बडखल तलाव या शतकाच्या सुरुवातीला कोरडा पडला. अनंगपूरजवळच्या कांत एन्क्लेव्ह वसाहतीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या जमिनीवर पंजाब भूसंधारण कायद्याखाली 18 ऑगस्ट 1992 रोजी निर्बंध घातलेले होते. त्यानंतरची बांधकामं पाडावीत, असा आदेश न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये दिला. 2021 साली याच टेकड्यांवरच्या खोरी गावात हजारो गरिबांची घरं पाडली गेली. ज्यांना दुसरं छप्पर नव्हतं त्यांना त्याची झळ सगळ्यात जास्त बसली, आणि हे विसरून नुसती डोंगराची बाजू घेणं मला योग्य वाटत नाही. पण ज्याला घराची निवड करता येते, त्याच्यासाठी यातला अर्थ स्पष्ट आहे. कांत एन्क्लेव्हमध्ये घराची रचना चांगली की वाईट हा मुद्दाच उरला नव्हता. जागा चुकली की वास्तुकलेचं कौशल्य कामाला येत नाही.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: ओसाड माळ तर आहे, तिथे बिघडण्यासारखं काय? हरियाणाच्या महसुली कागदांत अशा जमिनीची नोंद ‘गैर मुमकिन पहाड’ अशी होते, म्हणजे पीक न येणारा डोंगर. आपल्याकडचा पोटखराबा साधारण याच नजरेतून आलेला. पण फरीदाबाद जिल्ह्यातच मांगर गावाजवळ मांगर बनी आहे. ती देवराई आहे, गावकऱ्यांनी श्रद्धेने राखलेली. तिथे आपल्या धावड्याच्या कुळातला धौ नावाचा वृक्ष दाट वाढतो, आणि तोही बाकीच्या अरवलीसारख्याच खडकावर. म्हणजे शेजारचा उतार उघडा दिसतो त्याचं कारण चराई, तोड आणि खाणकाम. अशा उताराला ओसाड ठरवून त्यावर लॉन पसरणं आणि बाहेरून आणलेल्या मातीत नारळ-पाम लावणं, हे त्याचं दुखणं वाढवणं झालं.

जागा निर्वेध असेल, कायद्याने मोकळी असेल, तर मग घर कसं बसवायचं? इथे मी थोडा हिशेब मांडतो. समजा उतार बेताचा आहे, सहा मीटर चालल्यावर एक मीटर चढ. घर उताराच्या दिशेने बारा मीटर आणि आडवं पंधरा मीटर. सगळं एकाच पातळीवर हवं म्हणून डोंगर कापला, तर मागे दोन मीटरची उभी कड तयार होते आणि 180 घनमीटर माती-मुरूम निघतो. तेच घर चार-चार मीटरच्या तीन पातळ्यांत बसवलं, मध्ये चार-पाच पायऱ्या ठेवल्या, तर खोदाई 60 घनमीटरवर येते. एक-तृतीयांश! मागची उंच भिंत जाते, तिच्यामागे साठणाऱ्या पाण्याचा दाबही जातो. ठेकेदार तिसराच मार्ग सुचवतील: अर्धं कापा, निघालेला मुरूम पुढे टाकून अर्धं भरा. खर्चाला हा स्वस्त, पण उतारावरचा सैल भराव मोठ्या पावसात सगळ्यात आधी सुटतो. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये दीडशेच्या वर माणसं गेली. मुसळधार पाऊस हे निमित्त होतंच, पण वरच्या उतारावरच्या जमिनीच्या सपाटीकरणाकडेही भूवैज्ञानिकांनी बोट दाखवलं. सह्याद्रीत बेसॉल्टच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे असतात, पाणी त्या पट्ट्यांवरून आडवं सरकतं. असा पट्टा खोदाईत उघडा पडला, की भिंतीच्या पोटात झराच सुरू होतो.

मग सगळं घर खांबांवर उचललं तर? जेफ्री बावा यांनी श्रीलंकेत कंदलामा इथलं हॉटेल कड्याला समांतर, खांबांवर असं बसवलं की पावसाचं पाणी खालून वाहून जातं आणि वेलींनी इमारत झाकली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाजवळची जागा सुचवली गेली असता त्यांनी ती नाकारून ही दूरची निवडली. पण खांबांचा उपाय डोळे झाकून घेऊ नका. उतारावर वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालचे लांब होतात. भूकंपात आखूड खांबांवर जास्त जोर येतो आणि ते आधी तुटतात. कोयनेचा परिसर काय किंवा फरीदाबाद काय, दोन्हीकडे भूकंपाचा धोका खरा आहे. म्हणून खांबांवरचं घर असेल, तर संरचना अभियंता पहिल्या आराखड्यापासून सोबत हवा. नकाशा मंजुरीच्या वेळी नुसती सही घ्यायला त्याच्याकडे जाण्याने भागत नाही.

पायऱ्यांच्या घरात म्हातारपणी त्रास होतो, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. त्यावर उपाय आहे: स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक झोपायची खोली एकाच पातळीवर ठेवायची, ती पातळी समोच्च रेषेला समांतर लांबवायची. घर लांबट होतं, पण खोल होत नाही, आणि प्रत्येक खोलीला दरीकडची हवा मिळते.

दृश्यासाठी माथाच हवा, असा हट्ट पुष्कळांचा असतो. माथ्यावर वारा सर्वाधिक, पाणी वर चढवावं लागतं, आणि ते घर सगळ्या खोऱ्याला दिसत राहतं. माथ्यापासून थोडं खाली, मोठी झाडं राखून बसवलेल्या घरालाही दरी तितकीच दिसते. पण माथ्याचं खरं नुकसान रस्ता करतो, आणि याची चर्चा फारच कमी होते. दहाला एक चढाने वीस मीटर वर गाडी न्यायची, तर दोनशे मीटर रस्ता लागतो. घराखालची जागा पंधरा मीटर रुंद, पण हा ओरखडा दोनशे मीटरचा, आणि तो वाटेतला प्रत्येक ओहोळ तोडत जातो. गाडी खाली ठेवून शेवटचा टप्पा पायवाटेने गेला, तर डोंगराचं जितकं वाचतं तितकं दुसऱ्या कुठल्याच उपायाने वाचत नाही. आजारी माणसाला खुर्चीवरून नेता येईल इतकी रुंद आणि सौम्य चढाची पायवाट करता येते.

जमीन घेण्याआधी सातबारासोबत वनविभागाच्या नोंदी, डोंगरमाथा-डोंगरउताराचे निर्बंध आणि संवेदनशील क्षेत्राची हद्द पाहून घ्या. पाच मीटरला एक किंवा त्याहून तीव्र उतार असेल, तर पुण्याच्या नियमांत तिथे बांधकामाला मनाई आहे, आणि तो नियम डोंगराच्या हिताइतकाच तुमच्याही हिताचा आहे. व्यवहार शक्यतो पावसाळ्याच्या अलीकडे पक्का करू नका. एक पावसाळा जाऊ द्या, जोराच्या सरीत त्या जागेवर उभे राहा, पाणी कुठून शिरतं, कुठे फुटतं, कुठे थबकतं ते कंटूरच्या नकाशावर निळ्या पेन्सिलीने काढा, आणि तो कागद वास्तुरचनाकाराच्या हाती खोल्यांच्या यादीच्या आधी द्या.