पाणी, चाक आणि पाय

मंडळी, आज एका शर्यतीविषयी बोलायचे आहे. शर्यत म्हटले की तुम्हाला बैलगाडी आठवेल. ही ती नव्हे. ही माणसाची शर्यत आहे. तिचे नाव ट्रायथलॉन. शब्द परका आहे, जिभेला जड आहे. सावकाश वाचा : ट्राय-थ-लॉन. ट्राय म्हणजे तीन. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग पळायचे. तिन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक. मध्ये जेवणाची सुट्टी नाही. कपडे आणि बूट बदलायला जो वेळ लागतो, तोसुद्धा हिशेबात धरतात.

यातली जी मोठी शर्यत आहे, तिचे आकडे ऐका. पोहणे ३.८ किलोमीटर. सायकल १८० किलोमीटर. पळणे ४२.२ किलोमीटर. सायकलचे १८० किलोमीटर म्हणजे केवढे? पुण्याहून निघावे, सातारा मागे टाकावा आणि कऱ्हाडच्याही पुढे जावे, एवढे. हे सगळे साधारण १७ तासांत संपवावे लागते. सकाळी सातला पाण्यात उतरलेला माणूस रात्री बाराच्या आत रेषेवर पोचला पाहिजे.

ही कल्पना निघाली अमेरिकेच्या हवाई बेटांवर. तिथे जॉन कॉलिन्स नावाचे आरमारातले अधिकारी होते. पोहणारे चिवट की पळणारे चिवट, असा वाद मंडळींत चालला होता. तसा वाद आपल्या पारावरही होतो, पण तो पारावरच राहतो. कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्यूडी यांनी मात्र त्या बेटावरच्या तीन वेगवेगळ्या लांब वाटा एकात एक जोडल्या आणि म्हणाले, चला, करूनच पाहू. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ती पहिली शर्यत झाली. १५ जण निघाले, १२ जण पोचले. गॉर्डन हॅलर पहिले आले. त्यांना ११ तास ४६ मिनिटे लागली. कॉलिन्स स्वतःही त्यात उतरले होते.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. मिलिंद सोमण यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक गावी मोठी शर्यत पुरी केली. तेव्हा त्यांचे वय ४९ होते. २०१९ साली गोव्यात, पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर, अर्ध्या पल्ल्याची शर्यत भरली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे पोट भरलेल्यांचे खेळ. आम्हाला काय त्याचे? म्हणणे अगदीच खोटे नाही. नाव नोंदवायलाच काही हजार रुपये पडतात. चांगली सायकल घेऊ म्हटले तर म्हशीची किंमत कमी पडेल. हे आम्हाला पटत नाही आणि आम्ही ते बोलूनही दाखवतो. पण आमचा एक जुना विद्यार्थी या नादाला लागला आहे आणि तो पैसेवाला नाही. तो वायरमन आहे. वय ३८. शाळेत असताना कोणत्याही खेळात त्याचे नाव नव्हते. तीन वर्षांमागे डॉक्टरांनी त्याला सांगितले की रक्तातली साखर वाढू लागली आहे, हातपाय हलव. तो चालू लागला. चालता चालता पळू लागला. आता त्याने गोव्याच्या अर्ध्या शर्यतीचा निश्चय केला आहे. सायकल जुन्या बाजारातून घेतलेली आहे. तो आमच्याकडे येतो तो हिशेब तपासून घ्यायला. म्हणून आम्हाला ही सगळी माहिती.

पळणे त्याला येत होते. सायकल कोणाला येत नाही? अडले ते पाण्यात. आता पाहा, हा गडी लहानपणी विहिरीत पोहलेला. पाठीला भोपळा बांधून शिकला, पुढे काठावरून मुटका मारू लागला. त्याला वाटले, पोहणे आपल्याला येतेच. तालुक्याच्या गावी पोहण्याचा तलाव आहे, २५ मीटर लांबीचा. त्यात तो उतरला आणि दोन फेऱ्यांत त्याचा दम संपला. असे का झाले? विहिरीत पोहणारा माणूस डोके वर ठेवतो. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात. मग तो पाणी कापत नाही, नुसते ढकलत बसतो. म्हशीसारखे म्हणा ना. दहा हात जायला ते पुरते. १.९ किलोमीटर जायचे तर त्या तलावाच्या ७६ फेऱ्या होतात.

मग त्याने पहिल्यापासून धडा गिरवला. तोंड पाण्यात ठेवायचे. श्वास पाण्यातच सोडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे. हात पुढे गेला की मान कुशीला वळवून श्वास घ्यायचा. मान वर उचलायची नाही. ऐकायला सोपे आहे. पण ३५ वर्षांची सवय मोडायची होती. पाटीवरचे अक्षर चुकले तर पुसता येते, हाडात बसलेले कसे पुसणार? नाकात पाणी जाई, ठसका लागे. शेजारी आठ वर्षांची पोरे सुळकन् पुढे जात. तीन महिने असे गेले. आठवड्यातून तीन पहाटे तो तलावावर जातो. जाऊन येऊन ४४ किलोमीटर पडतात. तेही सायकलनेच, म्हणजे एका खर्चात दोन कामे. चौथ्या महिन्यात तो न थांबता ४० फेऱ्या करू लागला.

परंतु तलाव आणि समुद्र यांत फरक आहे. तलावाच्या तळाला रेघ असते, तिच्या धोरणाने सरळ जाता येते. दमले तर भिंत धरता येते. समुद्रात रेघ नाही आणि भिंतही नाही. पाणी गढूळ असते, लाट तोंडावर येते, बाजूला शंभर माणसे हातपाय मारीत असतात. म्हणून दर आठ-दहा हातांनी डोळे वर काढून पुढचा बोया कुठे आहे, ते पाहावे लागते. नाही तर माणूस भलतीकडे जातो आणि १.९ चे सव्वादोन होतात.

गेल्या हिवाळ्यात तो जाणत्या पोहणाऱ्यांबरोबर कोकणात गेला. पहिल्या दिवशी लाटेत शिरला आणि त्याची छाती आवळली. श्वास भरभर होऊ लागला. तो परत फिरला. घरी आला तेव्हा गप्प होता. ही भीती खोटी मानू नका. अशा शर्यतींत माणसे दगावली आहेत, आणि त्यांतली बरीचशी पाण्यात दगावली आहेत. धट्टीकट्टीसुद्धा. पुष्कळदा आत हृदयाचा दोष असतो आणि त्या माणसाला तो ठाऊक नसतो. म्हणून डॉक्टरांकडून आधी छाती तपासून घेतात. छातीत कळ आली की तिथेच थांबून हात वर करतात, मदतीची होडी येते. आणि नुसता धसका बसला असेल, तर उताणे व्हायचे, हातपाय सैल सोडायचे, श्वास लांब सोडायचा. खाऱ्या पाण्यावर अंग अधिक तरंगते. पुढच्या खेपेला त्याने हेच केले. दोनदा उताणा झाला, पण बोयाला वळसा घालून आला. समुद्रात एकट्याने मात्र तो कधी उतरत नाही. आम्ही त्याच्याकडून तसे वचन घेतले आहे.

आता हिशेब पाहू. वहीवर मांडा. गोव्याच्या पल्ल्याला साधारण साडेआठ तासांची मुदत असते, आणि पोहणे १ तास १० मिनिटांत आटपावे लागते. आमचा गडी १०० मीटर अडीच मिनिटांत पोहतो. १९ शतके गुणिले अडीच, म्हणजे साडेसत्तेचाळीस मिनिटे. सायकल तासाला २५ किलोमीटरने, म्हणजे ९० ला ३ तास ३६ मिनिटे. पळताना किलोमीटरला ७ मिनिटे, म्हणजे सुमारे २ तास २८ मिनिटे. बेरीज ६ तास ५२ मिनिटे. बूट-कपडे बदलायला १५ मिनिटे धरा. सात तासांच्या थोडे पुढे. म्हणजे हाताशी सव्वा तास उरतो. त्यातच पंक्चर, त्यातच ऊन, त्यातच पोटदुखी. पंक्चर स्वतःच काढायचे असते. वाटेत मित्राने येऊन चाक काढून दिले तर चालत नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेणेही चालत नाही.

यासाठी शरीर तयार करायचे ते पेरणीसारखे, एका दिवसात नव्हे. त्याने आठवड्याला सहा तासांपासून सुरुवात केली. आता दहा-अकरा तास होतात. तीन आठवडे थोडे थोडे वाढवायचे, चौथ्या आठवड्यात उतरवायचे. त्या उतरलेल्या आठवड्यातच अंग भरून येते. पुष्कळांना हे खरे वाटत नाही. त्यांना वाटते, रोज जीव काढला की ताकद येते. रोज जीव काढला की गुडघा जातो. त्याचे बरेचसे पळणे इतके सावकाश असते की शेजारच्याशी बोलता यावे. बोलता येईना, तर वेग जास्त झाला असे समजायचे.

एक गंमत सांगतो. दोन तास सायकल चालवून उतरा आणि लगेच पळून पाहा. पाय आपले राहत नाहीत. लाकडाचे होतात. मांड्या अजून पायडलच मारीत असतात. म्हणून तो दर रविवारी सायकल भिंतीला टेकवतो आणि तशाच अंगाने दोन-तीन किलोमीटर पळतो. पाय हळूहळू ऐकू लागतात.

खाण्याचे पाहा. चार-पाच तासांच्या मेहनतीला अंगातला साठा पुरत नाही. सायकलवर असताना तासाला सुमारे ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेले पाहिजे. बाजारात त्याच्या महाग पुड्या मिळतात. आमचा गडी केळी, गूळ, आणि लिंबू-साखर-मिठाचे पाणी यांवर भागवतो. एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम धरतो. नुसते पाणी ढोसायचे नाही, हे लक्षात ठेवा. घामाबरोबर मीठ जाते. वर तांब्यामागून तांब्या साधे पाणी ओतले की रक्तातले मीठ पातळ होते, डोके गरगरते, माणूस बेशुद्धही पडतो. तहान लागेल तसे प्यावे, आणि त्यात मीठ असावे. उन्हात भांगलण करणाऱ्या बायांनाही हे लागू आहे.

त्याची आई आपल्याच रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली. मुलाची वही तीच ठेवते. तारीख, अंतर, वेळ आणि सकाळी उठल्याबरोबरची नाडी. नाडी एरवी ५८ असते. श्रावणात एका आठवड्यात ती ६३, ६५, ६७ अशी चढली. आईने आकडे एकाखाली एक लिहिले होते, म्हणून तिला ते दिसले. ती म्हणाली, बाबा, उद्या निजून राहा. तो ऐकेना. तेव्हा तिने सायकलच्या खोलीला कुलूप लावले. दोन दिवसांनी त्याला ताप भरला. पळायला गेला असता तर काय झाले असते, ते बोलायला नको.

वडिलांचे म्हणणे वेगळे. ते म्हणतात, एवढी ताकद उतू जाते आहे, तर उसाला पाणी का देत नाहीस? वडिलांनी हे बोलू नये असे आम्ही म्हणणार नाही. घरातला एक माणूस आठवड्याला दहा तास बाहेर राहिला, तर त्याचे काम दुसऱ्यावर पडते. त्याच्या बायकोने तर सरळ अट घातली. पहाटेचा चहा स्वतः करायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी मुलांचा अभ्यास घ्यायचा, शर्यत झाली की चार महिने सुट्टी. त्याने मान्य केले. चहा बरा करतो, असे ती सांगते.

वय झाले, आता काय, असे म्हणणारे इथे पुष्कळ बसले आहेत. आम्हीही साठी ओलांडली आहे. तर जपानच्या हिरोमु इनादा यांची हकिकत ऐका. ते बातमीदार होते. पत्नीच्या आजारपणात सेवा करता यावी म्हणून साठाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच काळात पोहायला शिकले. पहिली ट्रायथलॉन केली सत्तराव्या वर्षी. २०१५ साली, ८२ व्या वर्षी, ते हवाईच्या मोठ्या शर्यतीत उतरले. दिवसभर आणि रात्र चालून रेषा समोर दिसू लागली आणि ते कोलमडले. उठले, पुढे गेले. १७ तासांची मुदत संपून ५ सेकंद झाले होते. शर्यत पुरी केल्यांच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. ५ सेकंद म्हणजे दारातली चप्पल घालायला लागतो तेवढा वेळ. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले आणि मुदतीत पोचले. २०१८ साली ८५ व्या वर्षी पुन्हा पोचले. ही हकिकत आम्ही आमच्या वायरमनला सांगितली. तो म्हणाला, गुरुजी, बूट बदलायची तालीम वाढवतो.

तर आता एक विनंती. येत्या रविवारपासून तो पहाटे चारला निघून घाटाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाऊन येणार आहे. अंधारात तुमच्या ट्रॅक्टरपुढे तांबडा दिवा लुकलुकताना दिसला, तर जरा अंतर ठेवून जा. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, तो लावा. आणि वरच्या आळीतली कुत्री तेवढी सकाळी सहापर्यंत बांधून ठेवा.